डिजिटल आगमनपत्र

डिजिटल आगमनपत्र म्हणजे परदेशी प्रवाशाने एखाद्या देशात प्रवेश करण्यापूर्वी संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर भरून द्यावयाचे माहितीपत्रक होय. विमानात किंवा विमानतळावर हाताने भरल्या जाणाऱ्या कागदी आगमनपत्राची, म्हणजेच अरायव्हल कार्डाची, जागा अनेक देशांत त्याने घेतली आहे. सिंगापूर, मलेशिया, थायलंड व भारत ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. अमेरिका व ब्रिटन यांसारख्या देशांनी मात्र प्रवाशाने पत्र भरण्याची पद्धतच बव्हंशी बंद केली. आगमनपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. ते भरल्याने प्रवेशाचा हक्क मिळत नाही आणि ज्यांना व्हिसा लागत नाही अशा प्रवाशांनाही ते भरावे लागू शकते.

कागदी आगमनपत्र

कागदी आगमनपत्रात सामान्यतः नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पारपत्र क्रमांक, विमानाचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता आणि प्रवासाचा हेतू हे रकाने असत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात अशा पत्राचा नमुना दिलेला आहे. या पत्राचे उपयोग तीन होते: सीमेवरील अधिकाऱ्याला प्रवाशाची माहिती मिळणे, प्रवेशाची नोंद राहणे आणि पर्यटन व स्थलांतर यांची आकडेवारी तयार होणे. हस्ताक्षर न लागणे, रकाने रिकामे राहणे आणि नंतर ती माहिती संगणकात पुन्हा भरावी लागणे, या त्याच्या मुख्य अडचणी होत्या.

बदलाची कारणे

यंत्रवाचनीय पारपत्राच्या माहितीपानावर तळाशी प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात. त्या यंत्राने वाचताच नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व व पारपत्र क्रमांक ही माहिती अधिकाऱ्यापुढे येते. याशिवाय विमान कंपन्या प्रवाशांची माहिती विमान पोहोचण्याआधीच संबंधित देशाला कळवतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१७ मधील ठराव क्रमांक २३९६ द्वारे सदस्य देशांना अशी यंत्रणा उभारण्यास सांगितले. परिणामी आगमनपत्रातील निम्म्याहून अधिक रकाने अनावश्यक ठरले. मुक्कामाचा पत्ता, संपर्क, आरोग्यविषयक निवेदन यांसारखी पारपत्रात नसलेली माहिती तेवढी उरली. ही उरलेली माहिती महत्त्वाची मानणाऱ्या देशांनी आगमनपत्र डिजिटल केले. तिची गरज नाही असे ठरवणाऱ्यांनी ते रद्द केले. कोविड-१९ च्या साथीत आरोग्यविषयक निवेदने प्रवासाआधीच घेण्याची पद्धत रूढ झाल्याने पहिल्या मार्गाला गती मिळाली.

कार्यपद्धती

प्रवासी अधिकृत संकेतस्थळावर पारपत्राची व प्रवासाची माहिती भरतो. सिंगापूर, मलेशिया व थायलंड येथे ही माहिती आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत द्यावी लागते. त्यानंतर ईमेलने पोचपावती किंवा क्यूआर कोड मिळतो. सीमेवर पारपत्र वाचले जाताच आधी भरलेली नोंद त्याला जोडली जाते. जोडणी पारपत्र क्रमांकावरून होत असल्याने त्यातील एका अक्षराची चूकही नोंद न सापडण्यास पुरेशी ठरते.

भारत

भारताने हे दोन्ही मार्ग वापरले आहेत. भारतीय नागरिकांसाठी आगमनपत्र भरण्याची अट १ मार्च २०१४ पासून रद्द झाली. विमानतळावरून परदेशी जाताना भरावयाचे निर्गमनपत्र १ जुलै २०१७ पासून बंद करण्यात आले. रेल्वे, बंदरे व भूसीमांवर ते त्यावेळी चालू ठेवण्यात आले होते. शुल्कपात्र वस्तू आणल्यास त्या सीमाशुल्क विभागाकडे घोषित करण्याची जबाबदारी मात्र या बदलांमुळे संपली नाही. परदेशी नागरिकांसाठी कागदी पत्र पुढेही चालू राहिले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्या जागी ई-अरायव्हल कार्ड आले. ते आगमनापूर्वीच्या ७२ तासांत भरता येते. त्याची व्यवस्था केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील इमिग्रेशन ब्युरोकडे आहे. भारतीय पारपत्रधारकाला मायदेशी परतताना ते भरावे लागत नाही. परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची गणना मात्र पारपत्रानुसार परदेशी नागरिकांत होते.

इतर देश

सिंगापूरने २७ मार्च २०२० पासून कागदी पत्र बंद करून एसजी अरायव्हल कार्ड सुरू केले. मलेशियात डिजिटल अरायव्हल कार्ड १ जानेवारी २०२४ पासून सक्तीचे झाले. थायलंडने टीएम-६ या जुन्या कागदी पत्राऐवजी १ मे २०२५ पासून टीडीएसी ही पद्धत आणली. अमेरिकेने आय-९४ ही आगमन-निर्गमनाची नोंद २०१३ मध्ये विमानतळ व बंदरांवर स्वयंचलित केली. प्रवाशाला ती संकेतस्थळावर पाहता व छापून घेता येते. ब्रिटनने लँडिंग कार्ड २० मे २०१९ पासून रद्द केले.

प्रत्येक प्रयत्न यशस्वी झालेला नाही. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणलेली डिजिटल घोषणापद्धती वापरण्यास किचकट ठरल्याने त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडहून ब्रिस्बेनला येणाऱ्या काही विमानांवर नव्या पद्धतीची चाचणी सुरू झाली. न्यूझीलंडने नोव्हेंबर २०१८ मध्ये निर्गमनपत्र रद्द केल्यावर तेथील सांख्यिकी विभागाला स्थलांतर मोजण्याची पद्धतच बदलावी लागली. प्रवाशाने पत्रात लिहिलेल्या हेतूऐवजी तो प्रत्यक्षात किती काळ देशात किंवा देशाबाहेर राहिला यावरून स्थलांतरित ठरवले जाऊ लागले.

मर्यादा व टीका

डिजिटल पद्धतीने सीमेवरील लेखनाचे काम कमी होते. पण ते प्रवाशाच्या घरी सरकते. त्यासाठी इंटरनेट, ईमेल आणि पत्रकाची भाषा या तिन्हींचा परिचय गृहीत धरलेला असतो. मुलांना भेटण्यासाठी सिंगापूरला जाणाऱ्या वृद्ध आईवडिलांचे पत्रक बहुधा नातेवाईक किंवा प्रवासी कंपनी भरते. माहितीच्या खरेपणाची जबाबदारी मात्र प्रवाशाचीच राहते. दुसरा प्रश्न बनावट संकेतस्थळांचा आहे. सिंगापूर व थायलंड येथील पत्रके विनामूल्य आहेत. तरीही अधिकृत वाटणारी खासगी संकेतस्थळे शुल्क आकारतात व पारपत्राचा तपशीलही मिळवतात. याबाबत दोन्ही देशांच्या यंत्रणांनी प्रवाशांना सावध केले आहे.

नोंदींचे जतन

आगमनाची नोंद काही दशकांनंतर किती मोलाची ठरू शकते, हे ब्रिटनमधील विंडरश प्रकरणातून दिसून आले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या अनेकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा कायदेशीर हक्क होता, परंतु तो सिद्ध करणारी कागदपत्रे त्यांच्याजवळ नव्हती. पुढे नोकरी, घर व वैद्यकीय उपचार यांसाठी पुरावे मागितले जाऊ लागले, तेव्हा काहींना या सुविधा नाकारण्यात आल्या, तर काहींना देशाबाहेर काढण्यात आले. १९५० व १९६० च्या दशकांतील आगमनाच्या नोंदी असलेल्या चिठ्ठ्या २०१० मध्ये नष्ट करण्यात आल्याचे एप्रिल २०१८ मध्ये उघड झाले. या चिठ्ठ्यांवरून सलग वास्तव्य सिद्ध होत नव्हते, अशी ब्रिटिश गृह खात्याची भूमिका होती. चौकशीसाठी त्यांचा उपयोग होत असे, असे खात्यातील माजी कर्मचाऱ्यांनी सांगितले.

त्या चिठ्ठ्या कागदी होत्या. म्हणजे माध्यम बदलल्याने हा प्रश्न सुटत नाही. डिजिटल नोंद शोधण्यास सोपी असते, तशीच ती पुसण्यासही सोपी असते, आणि ती प्रवाशाच्या ताब्यात नसते. म्हणून नोंद किती वर्षे ठेवावी, कोणाला पाहता यावी आणि स्वतः प्रवाशाला तिची प्रत मिळावी की नाही, हे डिजिटल आगमनपत्रासंबंधीचे मूलभूत प्रश्न मानले जातात.

हे सुद्धा पहा

पारपत्र
व्हिसा
सीमाशुल्क
विंडरश प्रकरण