गाडी थांबवण्याचा अधिकार

२२ जुलै २०२१च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या माथ्यावरचं पाणी एका अंगाने सावित्रीतून महाडला उतरतं, दुसऱ्या अंगाने कोयनेत जातं. कोयनेतलं काही पाणी धरणातून बोगद्यांवाटे पोफळीच्या वीजघरात येतं आणि जनित्रं फिरवून वाशिष्ठीच्या खोऱ्यात पडतं. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते. खाडीला भरती असेल तर पुराला बाहेर पडायला वाट उरत नाही.

त्या २२ तारखेला चिपळूण बुडालं. एसटी आगारात पाणी चढलं तेव्हा आगारप्रमुख सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर चढले आणि कित्येक तास तिथेच बसून राहिले. गावात वीज नव्हती, फोन लागत नव्हते, बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा पूल खचला होता. अशा वेळी एक गोष्ट दुसरीला घेऊन बुडते. वीज गेली की काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपतात. फोन गेले की बोट कुठे पाठवायची ते कळत नाही. रस्ता पाण्याखाली असला की लाइनमन उपकेंद्रापर्यंत पोचत नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि मदतीच्या वाटेवर पुराचं पाणी होतं.

पूल बांधताना अभियंता पन्नास किंवा शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर धरतो. शहराभोवतीच्या पूररेषाही अशाच आखतात: निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या. हे आकडे मागच्या नोंदींवरून काढलेले असतात, आणि पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल हे त्यात गृहीत असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारी बाष्पाची लाट हे त्याचं मुख्य कारण. मग शंभर वर्षांचा म्हणून धरलेला पूर खरोखर किती वर्षांचा, हा हिशेब नव्याने मांडायला नको का?

पण केवळ नवे, उंच पूल बांधून भागणार नाही, आणि मला मुख्यतः तेच सांगायचं आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि काही वाहनं प्रवाशांसह नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. मे महिन्यात नदी तळाला असते. पुराचा लोंढा पायाखालची माती उकरतो तो ऑगस्टमध्ये. त्या रात्री पूल गेल्याचं जवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आलं आणि त्याने पुढच्या गाड्या अडवल्या. त्याच्याकडे ना गणवेश होता, ना हुकूम. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, याचं कौतुक खुशाल करावं. पण तो माणूस जागेवर नसता तर?

याच मुलखातून जाणाऱ्या कोकण रेल्वेने गाडी वेळीच थांबवण्याचा धडा जीव गमावून घेतला. जून २००३मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच जूनमध्ये महाडच्या बाजूला मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून कोसळली, तिथेही कारण रुळांवर आलेले दगडधोंडेच. त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या आल्या, रुळांसाठी कापलेल्या कड्यांचा चढ सौम्य केला गेला. त्याहून मोलाचं म्हणजे कामाची रीत पक्की झाली. पावसाळ्यासाठी वेगळं, संथ वेळापत्रक असतं. स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. वाशिष्ठी, सावित्री, काळ या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे, पानवलच्या उंच पुलावर वारा मोजतात. रात्रभर गस्तीवाले रुळांवरून चालतात. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की चालकाने वेग ताशी चाळीस किलोमीटरवर आणायचा, अशी सूचनाच असते. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीचं पाणी पुलाशी चढलं आणि गाड्या जागोजागी थांबल्या. प्रवाशांचे तासन्‌तास हाल झाले, हे खरं. पण गाडी नदीत गेली नाही.

उशीर म्हणजे व्यवस्थेचं अपयश, ही समजूत सोडायला हवी. धोका ओळखून वेळेवर केलेला उशीर ही व्यवस्थेचीच कामगिरी आहे. याच भागातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाला असं पावसाळी वेळापत्रक नाही. चौपदरीकरणासाठी कापलेल्या परशुराम घाटात दरडी येतात, दरड आली की रस्ता बंद होतो. क्रम उलटा हवा.

चिपळूणकरांनी डिसेंबर २०२१मध्ये वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं, तेव्हा कुठे यंत्रं नदीत उतरली. पुढची मागणी आता महामार्गाची असावी. घाटमाथ्यावर किती मिलिमीटर पाऊस झाला की कोणता पूल आणि कोणता घाट बंद करायचा, हा आकडा आधी ठरवा, पुलाच्या तोंडाशी फलकावर लिहा, आणि तो गाठला गेल्यावर वरच्या फोनची वाट न पाहता गाड्या थांबवण्याचा लेखी अधिकार तिथे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला द्या. पुढच्या मे महिन्यातली पुलांची पाहणी होण्याआधी हे झालं पाहिजे.