चलनी नोटांवरचा वारसा

कागदी चलनाच्या संग्रहाला आणि अभ्यासाला ‘नोटाफिली’ असे नाव आहे. नाणकशास्त्राच्या तुलनेत हा अभ्यास अगदी अलीकडचा असून, स्वतंत्र विषय म्हणून त्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकार आला. १९६१ मध्ये ‘इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी’ स्थापन झाली, आणि आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने जगभरातील नोटांची जी सूची सिद्ध केली, तिच्यातील क्रमांक ‘पिक नंबर’ या नावाने आजही संग्राहकांच्या व्यवहारात वापरले जातात. नाण्याच्या चिमुकल्या पृष्ठावर फार काही मावत नाही. नोटेवर मात्र वास्तू, व्यक्ती, लिपी, वनस्पती, प्राणी असे पुष्कळ काही मांडता येते. यातले काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे मध्यवर्ती बँक आणि सरकार ठरवते. म्हणूनच नोटेवर दिसतो तो त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांनी निवडलेला वारसा असतो. ही निवड ओळखता येणे हेच या छंदाचे मर्म होय. देशांची संख्या वाढवत नेण्याला त्या मानाने फारसे महत्त्व नाही.

चेहरे आणि प्राचीन वास्तू नोटांवर वारंवार येण्यामागे तांत्रिक कारणही आहे. धातूच्या पत्र्यावर खोल कोरलेल्या रेषांत शाई भरून ती प्रचंड दाबाने कागदावर उमटवण्याच्या छपाईला ‘इंटाग्लिओ’ म्हणतात, आणि या छपाईमुळेच नोटेवरची शाई बोटांना किंचित उंचवट्यासारखी जाणवते. ओळखीच्या चेहऱ्यात झालेला बारीकसा फरकही माणसाच्या नजरेत चटकन भरतो, तर शिल्पकामातील असंख्य सूक्ष्म रेषांची हुबेहूब नक्कल करणे बनावट नोटा छापणाऱ्यांना जड जाते.

इजिप्तच्या नोटा या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहेत. त्यांची एक बाजू अरबी मजकुराची असून तिच्यावर सामान्यतः मशिदी असतात, तर दुसऱ्या, इंग्रजी मजकुराच्या बाजूवर फॅरोंच्या काळातील अवशेष असतात. एका पौंडाच्या नोटेवर एकीकडे कैरोतील सुलतान कायतबे याची मशीद आहे आणि दुसरीकडे दुसऱ्या रामसेसने कोरवून घेतलेले अबू सिंबेलचे मंदिर आहे. आस्वान धरणाच्या जलाशयात बुडू नये म्हणून हेच मंदिर १९६४ ते १९६८ या काळात कापून उंचावर हलवण्यात आले होते. आपला इस्लामी वारसा अरबी वाचणाऱ्यासमोर आणि प्राचीन वारसा परक्या वाचकासमोर ठेवण्याची ही वाटणी वरवर सोयीची वाटते. पण एका देशाने आपल्या दोन भूतकाळांचा संसार एकाच कागदावर कसा मांडला, हे त्यातून स्पष्ट दिसते.

इराकची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीच्या अखेरच्या काळातील नोटांवर त्यांचीच छबी असे. राजवट कोसळल्यावर ऑक्टोबर २००३ मध्ये नव्या नोटा आल्या, तेव्हा सत्तर-ऐंशीच्या दशकांतील जुन्या नोटांवरची चित्रे मोठ्या प्रमाणावर पुन्हा वापरण्यात आली. दहा हजार दिनारांच्या नोटेच्या दर्शनी बाजूवर प्रकाशशास्त्राचा पाया घालणारा इब्न अल-हैथम हा मध्ययुगीन विद्वान आला आणि मागच्या बाजूवर मोसुलच्या नूरी मशिदीचा, बाराव्या शतकातील कललेला अल-हदबा मिनार आला. जून २०१७ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या दहशतवाद्यांनी हा मिनार स्फोटकांनी उडवून दिला. नोट मात्र चलनात राहिली. जमीनदोस्त झालेली वास्तू इराकी नागरिकांच्या खिशात तशीच फिरत राहिली, आणि पुढे युनेस्कोच्या पुढाकाराने मिनार पुन्हा उभारण्यात आला. २०१७ पूर्वीची आणि नंतरची नोट दिसायला सारखीच असली, तरी तिच्यावरील चित्राचा अर्थ मधल्या काळात बदलून गेला होता.

सत्तांतराचे पडसाद नेपाळच्या नोटांवर अधिक ढोबळपणे उमटले. राजेशाहीचा अंत जवळ आल्यावर २००७ मध्ये राजा ज्ञानेंद्र यांच्या चित्राच्या जागी एव्हरेस्ट शिखर आले. परंतु नोटेचा कागद आधीच तयार होता आणि त्यातील जलचिन्हात, म्हणजे उजेडाकडे धरल्यावर दिसणाऱ्या आकृतीत, राजाचा चेहरा होता. यावर उपाय म्हणून त्या जागेवर लालीगुराँसचे, म्हणजे नेपाळच्या राष्ट्रीय फुलाचे, चित्र छापण्यात आले.

यूरोने हा सगळाच वाद टाळला. कोणत्याही एका देशाची वास्तू नको, म्हणून ऑस्ट्रियाचे रॉबर्ट कालिना यांनी निरनिराळ्या स्थापत्यशैलींतील काल्पनिक पूल रेखाटले, आणि पुढे नेदरलँड्समधील स्पाइकेनिस येथे त्याच पुलांच्या प्रतिकृती प्रत्यक्षात बांधण्यात आल्या. सर्वांना मान्य होणारा वारसा कोणाचाच नसतो, असेच म्हणावे लागेल!

वारसा नेमका कोणाचा, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या एक डॉलरच्या नोटेने अधिक तीव्रपणे उभा केला. १९६६ मध्ये दशमान चलन सुरू करताना या नोटेच्या मागच्या बाजूवर आर्नहेम लँड या उत्तरेकडील प्रदेशातील आदिवासी शैलीचे चित्र छापले गेले. ते एका पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीविषयीच्या, झाडाच्या सालीवर रंगवलेल्या चित्रावर आधारलेले होते. चित्रकार अज्ञात आणि बहुधा हयात नसलेला असावा, असे गृहीत धरण्यात आले होते. प्रत्यक्षात डेव्हिड मलांगी हा योल्ङु समाजातील कलावंत हयात होता आणि त्याची परवानगी कोणी घेतलेली नव्हती. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेने त्याला एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य दिले. ही भरपाई तुटपुंजी होती यात शंका नाही. तरीही आदिवासी कलावंतांच्या स्वामित्वहक्काची त्या देशातील चर्चा या प्रकरणापासून सुरू झाली, असे मानले जाते.

मराठी संग्राहकांच्या विशेष आवडीची नोट म्हणजे इंडोनेशियाची १९९८ ची वीस हजार रुपियांची नोट होय, कारण तिच्यावर शिक्षणतज्ज्ञ की हजर देवांतारा यांच्यासोबत गणपती आहे. ती आजही तेथे चालते असे संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. वस्तुतः ही नोट २००८ च्या अखेरीस चलनातून काढून घेण्यात आली. तिच्यावरचा गणपती विद्येचे प्रतीक म्हणून आहे, आणि बांडुंगच्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेचे बोधचिन्हही गणपतीच आहे.

भारतीय नोटांतही ही निवड दिसते. १९५४ मध्ये निघालेल्या मोठ्या मूल्याच्या नोटांपैकी हजाराच्या नोटेवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि पाच हजारांच्या नोटेवर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया होते. या नोटा जानेवारी १९७८ मध्ये रद्द झाल्या. २०१६ नंतरच्या मालिकेत कोणार्क, हंपी, पाटणची राणी की वाव, सांची आणि लाल किल्ला यांच्या जोडीला वीस रुपयांच्या नोटेवर वेरूळची लेणी आली. याच नोटांच्या मागील बाजूवर पंधरा भाषांत मूल्य लिहिलेले असते, आणि भाषांचा क्रम इंग्रजी वर्णमालेनुसार असल्याने कोकणी सहावी आणि मराठी आठवी येते.

नव्या संग्राहकाने एखादा देश किंवा एखादा विषय निवडून सुरुवात करणे हिताचे, आणि पैसे खर्च करण्याआधी मुंबईच्या फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय पाहून घ्यावे. नोट धुणे, इस्त्री करणे किंवा चिकटपट्टीने जोडणे कटाक्षाने टाळावे, कारण घडी न पडलेली कोरी नोट आणि हाताळलेली नोट यांच्या किमतीत मोठी तफावत असते. पीव्हीसीच्या पाकिटांतील रसायने कालांतराने कागदाला बाधतात, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजारच्या नोटा जवळ बाळगण्यासही कायद्याने मर्यादा आहे: २०१७ च्या कायद्यानुसार अशा जास्तीत जास्त दहा नोटा ठेवता येतात, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस नोटांची आहे.