परतीची वाट आणि दुसरी नोकरी

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. पनवेल परिसरात रोजगाराची जी चर्चा चालते ती बहुधा एकाच अंगाने चालते. नोकऱ्या किती निघणार, आणि त्या भूमिपुत्रांच्या वाट्याला येणार की बाहेरच्यांच्या? प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या जमिनींवर धावपट्टी उभी राहिली त्यांनी तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याच्या आड दुसरा एक प्रश्न झाकला जातो, त्याकडे ना सरकारचे लक्ष आहे ना नोकऱ्या देणाऱ्यांचे. पनवेलच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकून पुण्याला, बंगळूरला, क्वचित आखातात गेलेली मुलेमुली आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यांचे संसार झाले आहेत आणि पुष्कळ घरांत दोघेही मिळवते आहेत. आईवडील थकले म्हणून, मुलांना आजी-आजोबा मिळावेत म्हणून, किंवा परगावच्या घरभाड्याला कंटाळून त्यांना परत यावेसे वाटते. अशा जोडप्याला एक नोकरी पुरत नाही. दोन लागतात, त्याही साधारण एकाच वेळी आणि एकाच टापूत.

पनवेलच्या माणसाला पोटासाठी बाहेर पडणे नवे नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा देशावरचा माल घाट उतरून पनवेलच्या बंदरात येई आणि तेथून गलबतांनी मुंबईला जाई. पनवेलला १८५२ इतक्या आरंभीच्या काळात नगरपालिका मिळाली, यावरून त्या वेळच्या भरभराटीची कल्पना यावी. पुढे १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढून गेली आणि तो माल पनवेलला वळसा घालून परस्पर मुंबईस पोहोचू लागला. वाहतुकीचा मार्ग बदलला की गावाचे नशीब बदलते, हे पनवेलने फार लवकर अनुभवले. त्यानंतरच्या पिढ्यांची कथा बहुतांशी चाकरमान्यांची आहे.

स्वातंत्र्यानंतर कारखाने आले. रसायनीला हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, पुढे तळोजे येथे औद्योगिक वसाहत झाली. येथील नोकऱ्या मुख्यतः पुरुषांच्या होत्या, आणि त्याला केवळ रूढी कारणीभूत नव्हती. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना सर्वसाधारणपणे संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करण्यास मनाई होती. तीन पाळ्यांत चालणाऱ्या रासायनिक उद्योगात अशा कामगाराला मालक सहसा घेतच नसे. कायद्याचा हेतू संरक्षणाचा, परिणाम मात्र दार बंद करण्याचा. अशा रीतीने पनवेलची अर्थव्यवस्था घरटी एका नोकरीची झाली. तीही कायमची राहिली नाही. रसायनीच्या त्या कारखान्याचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला.

लोकलगाडी १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीला आणि १९९८ मध्ये पनवेलला आली. तिने दुसऱ्या नोकरीची सोय केली खरी, पण ती मुंबईत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पनवेलपासून सुमारे ४९ किलोमीटर. जाण्यायेण्यात रोजचे तीन तास सहज मोडतात. लहान मूल असलेल्या घरात हे तीन तास कोणाच्या दिवसातून काढले जातात, हे वाचकांस सांगावयास नको.

कुटुंबाच्या स्थलांतराचा हा पैलू अर्थशास्त्रात तसा उशिराच आला. जेकब मिन्सर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये तो नीट मांडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, कुटुंब हलते ते दोघांच्या मिळून होणाऱ्या लाभाकडे पाहून. त्यामुळे दोघांपैकी एकाचा तोटा होत असूनही स्थलांतर घडते आणि ती व्यक्ती जोडीदाराच्या पाठोपाठ ओढली जाते. उलट, एकट्याने जाणे ज्याच्या फायद्याचे होते असा माणूस जोडीदारासाठी जागीच अडकून राहतो. १९४० ते १९९० या काळातील अमेरिकन जनगणनांच्या आधारे डोरा कोस्टा व मॅथ्यू कान यांनी २००० साली दाखवून दिले की उच्चशिक्षित जोडपी अधिकाधिक प्रमाणात महानगरांत एकवटत गेली. त्यांच्या मते याचे मोठे कारण हेच, की दोघांनाही आपापल्या शिक्षणाजोगे काम मिळण्याची शक्यता मोठ्या शहरात अधिक असते. पनवेलची तरुण जोडपी पुण्याला का रुतून बसली याचे उत्तर यात बरेचसे सापडते. त्याला गावाविषयीची अनास्था म्हणणे अन्यायाचे आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. आकडे केवळ उदाहरणादाखल. पुण्यात पतीला महिना ८० हजार व पत्नीला ६० हजार मिळतात. घरभाड्याचे ३० हजार आणि मुलाला सांभाळण्याचे १२ हजार वजा जाता ९८ हजार उरतात. पतीला विमानतळाशी संबंधित एखाद्या कंपनीत ९५ हजारांची जागा मिळाली आणि राहण्यास पनवेलचे वडिलार्जित घर असले, तर भाडे वाचते, मूल आजीपाशी राहते. पत्नीला काहीच काम मिळाले नाही तर घरात ९५ हजार येतात, म्हणजे बढतीचे पेढे वाटूनही तीन हजारांचा तोटा. तिला निम्म्या पगाराची, ३० हजारांची नोकरी मिळाली तर मात्र १ लाख २५ हजार होतात आणि परतणे चांगलेच फायद्याचे ठरते. पाहुणेमंडळी म्हणतील, छान झाले, घरी आलात. पण या जमाखर्चात एक गोष्ट कोठेच नोंदली जात नाही. लाभ कुटुंबाचा झाला, आणि पगार निम्म्यावर आला तो एकट्या पत्नीचा. तिची दहा वर्षांची उमेदवारी पुण्यात राहिली. शिवाय आजीचे श्रम या हिशेबात फुकट धरले आहेत. साठी उलटलेल्या बाईने दिवसभर नातवामागे धावणे ही फुकटची सेवा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ती आठवडाभर करून पाहावी.

अर्थात प्रत्येक वेळी पत्नीच मागे पडते असे नाही. तिला चांगली जागा मिळून पतीने जुळवून घेतल्याची उदाहरणेही असतात. पण देशभराचे चित्र काय सांगते? २०२०-२१ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातील स्त्रियांत स्थलांतरितांचे प्रमाण ४७.९ टक्के आणि पुरुषांत अवघे १०.७ टक्के होते. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे हललेल्या होत्या. म्हणजे ज्या जोडप्याविषयी आपण ‘घरी परतले’ असे म्हणतो, त्यातील एकाचेच ते घर असण्याचा संभव मोठा. दुसरीला पनवेल हे सासर, तेथे तिच्या ओळखी नाहीत, आणि आपल्याकडे नोकऱ्या किती प्रमाणात ओळखींतून लागतात हे सर्वश्रुत आहे. दोघेही पनवेलचेच असतील तर गोष्ट निराळी. जनगणनेच्या कागदावर मात्र ही दोन्ही जोडपी सारखीच दिसतात. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये ‘कुटुंबासमवेत’ असा एक रकाना होता. पुण्यात दहा वर्षे नोकरी करून आलेली पदवीधर स्त्री आणि तिचे चार वर्षांचे मूल ही दोघे त्याच रकान्यात बसतात.

सरकारने आपल्या नोकरांपुरता हा प्रश्न ओळखला आहे. पतिपत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे अशा सूचना केंद्र सरकारने ३ एप्रिल १९८६ रोजी काढल्या आणि २००९ मध्ये त्या अधिक स्पष्ट केल्या. आपल्या जिल्हा परिषदांतील शिक्षकांच्या बदल्यांतही पतिपत्नी एकत्रीकरणाला प्राधान्य आहे. तथापि जिल्हा ओलांडून विनंतीने बदली घेणाऱ्या शिक्षकाला मागील सेवाज्येष्ठता सोडावी लागते. एकत्र संसार मिळतो, पण किंमत पुन्हा दोघांपैकी एकजणच मोजतो. खाजगी क्षेत्रात तर असे प्राधान्यही नाही, आणि परतू पाहणाऱ्या जोडप्यांपैकी पुष्कळांची निदान एक नोकरी तेथली असते.

येथे पनवेलच्या बाजूने काही गोष्टी बोलतात. जुन्या नगरपालिकेच्या हद्दीत २०११ साली सुमारे १ लाख ८० हजार वस्ती होती. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, तिच्या हद्दीत त्याच जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल हा आता एकच श्रमबाजार होऊ लागला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूने शिवडीची बाजूही जवळ आणली. रुग्णालये, महाविद्यालये, मालवाहतुकीच्या कंपन्या, त्यात विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता. दुसरी नोकरी जवळपास सापडण्याइतके हे शहर मोठे होत आहे. १९८० साली हे म्हणता आले नसते.

मात्र ज्यांनी गाव कधी सोडलेच नाही त्यांचीही आठवण ठेवणे भाग आहे. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर येथील कुटुंबांना विमानतळासाठी उठावे लागले. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यानंतरच विकसित भूखंडांच्या स्वरूपात साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. या गावांतील मुलगी नोकरी मागते तेव्हा पुण्याहून अनुभव घेऊन परतलेल्या पदवीधराशी तिची स्पर्धा होते, आणि दोघेही स्वतःला भूमिपुत्र म्हणवितात. त्यांना एका रांगेत उभे करणारी भरतीची पद्धत न्याय्य म्हणता येणार नाही. प्रशिक्षणाच्या जागा आणि अनुभवाच्या जागा वेगळ्या ठेवल्या तर हा झगडा पुष्कळसा टळेल.

परतणारी पदवीधर असो की कोल्हीची मुलगी, दोघींना सारखीच अडणारी गोष्ट पाळ्यांची आहे. विमानतळ रात्रंदिवस चालतो, लोकल मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते. रात्रपाळीची जुनी मनाई नव्या श्रमसंहितेने उठवली, स्त्रीची संमती व सुरक्षेची व्यवस्था या अटींवर. ती व्यवस्था कामावरून घराच्या दारापर्यंत हवी, केवळ प्रवेशद्वारापर्यंत नको. पाळणाघराचेही तसेच. ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे असे २०१७ च्या दुरुस्तीने ठरले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती तरतूद कायम राहिली. पण विमानतळावरची सफाई, सामानाची चढउतार, उपाहारगृहे ही कामे कंत्राटदारांत वाटली जातात, आणि एकेका कंत्राटदाराकडे पन्नासाहून कमी माणसे असली की कायदा लागूच होत नाही. संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालविण्याची मुभा आहे. विमानतळ कंपनीने कंत्राट देतानाच त्यातील वर्गणीची अट घालावी, सिडकोने जागा द्यावी आणि पाळणाघर पहाटेच्या पाळीपासून रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवावे. महापालिकेला खांदेश्वर किंवा कामोठे येथे असे एक केंद्र वर्षभरात उभे करणे अवघड नाही.