टाकीतले पाणी

समुद्रावर जाणाऱ्याला बाहेरच्या पाण्याची भीती असते. पण होडीला डिझेलचे इंजिन असेल, तर आतल्या पाण्याचीही भीती धरावी. आतले पाणी म्हणजे डिझेलच्या टाकीत साचलेले पाणी.

माझा एक जुना विद्यार्थी आज नाखवा आहे. त्याच्या लहान होडीला इंजिन आहे आणि शीडही आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. एका वर्षी त्या दिवसांत त्याची होडी वर ओढून ठेवली होती. टाकी अर्धी रिकामी होती. नारळी पौर्णिमा झाली. पहिल्याच फेरीला, खाडीच्या तोंडाशी, इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. समोर खडक! शीड होते म्हणून माणसे आणि होडी वाचली. मागाहून टाकीच्या तळाचा नळ उघडला, तर तांब्याभर पाणी निघाले.

तो मला म्हणाला, "गुरुजी, टाकीला भोक नाही. मग पाणी शिरले कुठून?"

पाणी हवेतून आले. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तो आपण पाहतो. तसेच हे. टाकी रिकामी असली की तिच्यात ओली हवा भरते. रात्री पत्रा गार होतो आणि आतून घाम सुटतो. त्याचे थेंब डिझेलमध्ये पडतात. एक लिटर पाणी एक किलो भरते, डिझेल मात्र सुमारे ८३० ग्रॅमच. म्हणून पाणी तळाशी जाते. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे!

या पाण्याने काय बिघडते? डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. आत हवा जोराने दाबली जाते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? इथे हवा त्याहून कितीतरी जास्त तापते. तिच्यात डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेटतो. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी असे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवले. फवाऱ्याची भोके केसासारखी बारीक असतात. पाण्याने तिथे गंज चढतो. शिवाय पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, तिथे सूक्ष्म जंतू वाढून बुळबुळीत गाळ होतो. तो फिल्टरमध्ये अडकतो. इंजिन उपाशी मरते.

म्हणून डिझेल भरताना हे करावे. इंजिन बंद करावे. विडी, चूल, कंदील दूर ठेवावा. नरसाळ्याला बारीक जाळी लावावी. पिंपाच्या तळचे डिझेल ओतू नये. टाकी गळ्यापर्यंत भरू नये, कारण उन्हाने डिझेल फुगते. सांडलेले लगेच पुसावे. तापलेल्या नळीवर डिझेल पडले तर पेट घेते. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतू नये, आग पाण्यावर तरंगत पसरते. वाळूची बालदी किंवा कोरड्या भुकटीचे नळकांडे हाताशी असावे. बंदीच्या दिवसांत टाकी जवळजवळ भरलेली ठेवावी, म्हणजे घाम सुटायला जागा राहत नाही.

निघण्यापूर्वी इंजिन थंड असताना फिल्टरखालच्या वाटीतले पाणी काढावे. ऑइलची पट्टी पाहावी. ऑइल दुधासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. इंजिन सुरू करू नये. पट्टा ढिला नाही ना, हे पाहावे. समुद्राच्या पाण्यावर गार होणारे इंजिन असेल, तर पाणी आत घेणारा कोंबडा उघडावा आणि जाळी साफ करावी. इंजिन सुरू झाल्यावर धुराच्या नळीतून पाणी पडते का ते बघावे. पडत नसेल, तर ताबडतोब बंद करावे.

भर समुद्रात इंजिन थांबलेच, तर आधी शीड उभारावे किंवा नांगर टाकावा. मग वाटीतले पाणी काढावे, फिल्टर बदलावा. त्यात हवा शिरते, ती काढावी लागते. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करावा, हातपंप मारावा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले की स्क्रू आवळावा. पण चालत्या इंजिनाच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे.

माझा विद्यार्थी आता रोज सकाळी फिल्टरखालची वाटी काढून काचेच्या बाटलीत ओततो आणि उजेडात धरून पाहतो. दोन मिनिटांचे काम. शीड मात्र त्याने अजून उतरवलेले नाही. तेही शहाणपणाचेच आहे.