फी न घेणारे वकील

पंडित भातखंडे म्हटले की बडोदेकरांना १९१६ ची संगीत परिषद आठवते. ते कायद्याचे पदवीधर होते, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्हां दरबारी गवयांच्या घरात तर वकील यायचे ते गाणे ऐकायला! परंतु गेल्या वर्षी एका तबलजींच्या पत्नीला घर खाली करण्याची नोटीस आली. मुलगी माझी शिष्या. वहिनी म्हणाल्या, “मास्तर, वकील परवडायचा कसा?”

१९८७ च्या विधिसेवा कायद्याच्या १२ व्या कलमान्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोठडीतील माणसालाही. अर्ज जिल्हा न्यायालयात घेतात. लिहिता येत नसेल तर हकिकत तोंडी सांगावी.

फुकटचा वकील काम उरकतो, अशी पुष्कळांची समजूत. पण १९७९ साली वर्तमानपत्रातले लेख वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी बिहारच्या कच्च्या कैद्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. त्यांतून हजारो सुटले. वहिनींच्या तरुण वकीलबाईंना मानधन बेताचेच. तरी तीन संध्याकाळ घरी बसून त्यांनी जुन्या भाडेपावत्या तारीखवार लावल्या.

पुढची तारीख श्रावणात आहे. तोवर मुलीचा रियाज त्याच माडीवर चालतो.