चालू होऊन बंद पडणारा संगणक

सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक बटण दाबले की सुरू होतो, पंखे फिरतात, दिवा लागतो आणि थोड्याच वेळात सगळे शांत होते. हा बिघाड कुठेही होऊ शकतो. जळगाव-धुळ्याकडे मात्र त्याला दोन जादा कारणे मिळतात, ऊन आणि वीज. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ हा निकाल फार लवकर दिला जातो. मदरबोर्ड हा महाग भाग आहे आणि शिकणाऱ्या मुलाच्या संगणकात घरच्यांनी साठवलेला पैसा असतो. म्हणून हा निकाल अगदी शेवटी द्यायला हवा.

तपासाची सुरुवात घड्याळाने करावी. संगणक किती वेळाने बंद पडतो, यावरच दोष कोणत्या भागात शोधायचा हे बहुतेक वेळा ठरते.

पंखा जेमतेम हलला आणि लगेच थांबला, तर कुठे तरी शॉर्ट आहे असे समजावे. एसएमपीएस भिंतीतल्या 230 व्होल्टमधून 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा डीसी पुरवठा तयार करतो. तो स्थिर झाल्याचा इशारा साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांत मदरबोर्डला जातो. त्याआधीच करंट नको तिथे वाहू लागला, तर एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. घरच्या जोडणीत याचे नेहमीचे कारण म्हणजे मदरबोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ किंवा खाली पडून अडकलेला स्क्रू. प्रोसेसरसाठी वेगळी 4 किंवा 8 पिनांची 12 व्होल्टची वायर असते. ती लावायचीच राहिली, तर पंखे फिरूनही पडद्यावर काहीच येत नाही.

दर वेळी अगदी चार-पाच सेकंदांनीच बंद पडत असेल, तर आधी कॅबिनेटचे बटण पाहावे. बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले की संगणक बंद व्हावा, अशी मदरबोर्डचीच रचना असते. धूळ बसून बटण आत अडकले की ते सतत दाबलेलेच राहते. खात्री करण्यासाठी बटणाची वायर मदरबोर्डवरून काढावी आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. मग संगणक चालू राहिला, तर दोष फक्त बटणात आहे. संगणक आपोआप चालू-बंद, चालू-बंद होत राहिला, तर रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने पुसावे आणि दोन्ही कडांना टक असा आवाज येईपर्यंत ती नीट बसवावी.

काही सेकंदांपासून अर्ध्या तासापर्यंत चालून बंद पडणारा संगणक बहुधा तापलेला असतो. प्रोसेसर जास्त तापला की आधी वेग कमी करतो. तरीही तापमान धोक्याच्या मर्यादेपलीकडे वाढत राहिले, तर जळू नये म्हणून संगणक बंद केला जातो. हीटसिंक प्रोसेसरला टेकलाच नसेल, तर हे काही सेकंदांत घडते. इंटेलच्या सोबत मिळणाऱ्या पंख्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक जरी मदरबोर्डच्या आरपार बसली नाही, तरी हीटसिंक तिरका राहतो. जुन्या संगणकात थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली आढळते. ती कापडाने पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

आता उन्हाचे. पंखा फक्त खोलीतली हवा फिरवतो. तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त उकाडा असतो आणि बंद कॅबिनेटच्या आत आणखी. जानेवारीत बिनतक्रार चाललेला संगणक मे महिन्यात त्याच कामाला टेकीला येतो, तो यामुळे. धाब्याच्या घरात उकाडा कमी असतो, पण छतातून बारीक माती झिरपत राहते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा थर बसतो. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडणे हा उपाय नव्हे. ओलाव्याने धुळीचा चिखल होऊन पात्यांना चिकटतो आणि क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डागही उरतात. कॅबिनेट कूलरच्या झोताबाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपेक्षा उंच ठेवावे. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते गरगर फिरले तर पंखा बिघडू शकतो.

ताप नाही, धूळ नाही, पण गेम किंवा व्हिडिओचे जड काम सुरू होताच संगणक बंद पडतो, तेव्हा एसएमपीएस तोकडा आहे असे समजावे. लेबलवरचा मोठा आकडा फसवा असतो. 450 वॅट असे छापलेल्या स्वस्त एसएमपीएसवर 12 व्होल्टपुढे 16 अँपिअर लिहिलेले असेल, तर त्या बाजूने मिळतात फक्त 192 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच 12 व्होल्टवर चालतात. मल्टिमीटर असेल तर काम चालू असताना पुरवठा मोजावा. तो 11.4 आणि 12.6 व्होल्ट यांच्या दरम्यानच राहायला हवा.

बंद पडण्याला कसलाच ताळमेळ नसेल, तर घराची वीज तपासावी. वळवाच्या वादळात तारा तुटतात, डीपीवरचा न्यूट्रल सुटतो आणि काही घरांत 230 ऐवजी 300 व्होल्टच्याही वर दाब येतो. अशा दिवशी प्लग काढून ठेवणे हाच खरा बचाव आहे. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात लवकर दमते. म्हणून संगणक एकदा यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून पाहावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालणारा संगणक दर वेळी वीज जाताच बंद पडत असेल, तर इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवर आहे का ते बघावे. वीज गेल्यावर एसएमपीएस साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर सॉकेटमध्ये अर्थिंग नाही. तिथे वायरमनला बोलावल्याशिवाय पुढचे काम करू नये.

एवढ्यावर दोष सापडला नाही, तर प्लग काढून मदरबोर्ड बाहेर घ्यावा आणि कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस जोडावा. एवढा संच टिकला, तर एकेक भाग वाढवत जावे. ज्या भागानंतर संगणक बंद पडेल, तो सदोष. टिकला नाही, तर ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस तासाभरासाठी आणून लावून पाहावा. त्यावरही तोच प्रकार घडला आणि रॅमही बदलून झाली, तरच मदरबोर्ड किंवा प्रोसेसरवर संशय घ्यावा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले, तर तो संशय पक्का होतो.

एसएमपीएसची पेटी मात्र घरी उघडू नये. तिच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो.