नकलेचा ताळा

मूळ लेखनावरून दुसरी प्रत तयार करणे, यास नक्कल करणे म्हणतात. नक्कल मुळाबरहुकूम उतरली आहे की नाही, हा प्रश्न लेखनाइतकाच जुना आहे. श्रीज्ञानेश्वरांनी इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हस्तलिखितांच्या रूपाने हातोहाती फिरली. एकाच्या हातून शब्द गळावा, दुसऱ्याने पदरचा घालावा, असे होता होता पाठ अशुद्ध झाला. तेव्हा इ. स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी तो परिश्रमपूर्वक शुद्ध केला.

प्रत पुरी होताच ओव्या मोजल्या, तर एखादी ओवी गळाल्याचे कळते. परंतु ओवीतील शब्द बदलला, तर मोजणीत तो दिसत नाही. म्हणजे निव्वळ मोजणी हा अपुरा ताळा होय. एक अक्षर बदलले तरी बदलेल, असा ताळा हवा.

अशा ताळ्याचे सोपे उदाहरण पुलगावच्या स्थानकावर पाहावयास मिळते. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील या गावावरून मालगाड्या जातात. त्यांच्या वाघिणींवर अकरा अंकी क्रमांक रंगविलेला असतो. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढील दोन मालक रेल्वे, त्यापुढील दोन बांधणीचे वर्ष आणि नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक. मग अकरावा अंक कशासाठी? तो केवळ पडताळ्यासाठी!

समजा, पहिले दहा अंक ३१०५१२३४६२ असे आहेत. डावीकडून सम स्थानांवरील अंकांची बेरीज करा : १ + ५ + २ + ४ + २ = १४. तिची तिप्पट ४२. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज ३ + ० + १ + ३ + ६ = १३. दोन्ही मिळून ५५. पुढील पूर्ण दशक ६० गाठण्यास ५ हवेत. म्हणून अकरावा अंक ५. आता कारकुनाने घाईत ३४ ऐवजी ४३ लिहिले, असे माना. नव्या अंकांची बेरीज ५३ येते, म्हणजे शेवटी ७ हवा. पण तेथे तर ५ आहे! चूक तत्काळ उघड झाली. कोणताही एकच अंक चुकला, तर हा ताळा ती चूक हमखास पकडतो. शेजारच्या अंकांची अदलाबदलही तो बहुधा पकडतो. मात्र त्यांत पाचाचा फरक असेल, तर फसतो. करून पाहा.

संगणकातील फाइलींचा ताळाही याच तत्त्वावर पाहतात. छायाचित्र असो वा निबंध, संगणकाच्या दृष्टीने ती अंकांची लांबलचक माळ असते. त्या साऱ्या अंकांवर ठरावीक गणित करून जी लहान खूण काढतात, तिला चेकसम म्हणतात. एसएचए-२५६ या पद्धतीने निघणारी खूण चौसष्ट चिन्हांची असते. फाइल एका ओळीची असो वा हजार पानांची. मूळ फाइलीत एका स्वल्पविरामाचा फरक पडला, तरी खूण पार बदलून जाते.

बॅकअपसाठी, म्हणजे जपणुकीसाठी, दुसऱ्या डिस्कवर नक्कल ठेवताना ही खूण फार उपयोगी पडते. मूळ फाइल व नक्कल यांच्या खुणा जुळल्या, तर नक्कल बिनचूक आहे असे निर्धास्तपणे मानता येते. नावे भिन्न पण खुणा एकच, तर ती एकच फाइल दोनदा ठेवली गेली आहे. नाव एक पण खुणा भिन्न, तर आतील मजकूर वेगळा आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवा. ताळा चूक दाखवितो, चूक दुरुस्त करीत नाही. कुटुंबाची छायाचित्रे ज्या डिस्कवर आहेत, तिच्यात वर्षांनंतर बिघाड झाला आणि खूण जुळेनाशी झाली, तर दुसरी शुद्ध प्रत असेल तरच ती परत मिळतील. म्हणून शहाणा मनुष्य एकाहून अधिक प्रती ठेवतो, त्यांच्या खुणा वेगळ्या जागी नोंदवितो आणि अधूनमधून ताळा पाहतो. शुद्ध प्रत शिल्लक आहे, तोवरच चूक कळण्याचा उपयोग असतो.